जाळा कोण वडतलो?

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. गेल्या वर्षी आमच्या पाच विद्यार्थ्यांनी मालवणच्या किनाऱ्यावरील रापण या पारंपरिक मासेमारीवर बारा मिनिटांचा माहितीपट केला आणि मार्गदर्शक म्हणून मी सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होते. विविधता, सर्वसमावेशकता हे शब्द मी फळ्यावर कित्येकदा लिहिले आहेत. त्यांचा अर्थ मात्र मला या मुलांबरोबर संकलनाला बसल्यावर उमगू लागला.

रापणीत होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसे तासन्‌तास ओढत आणतात. नंतर मासळीचे वाटे पडतात. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हेच, म्हणून गटाने करायच्या प्रकल्पाला हा विषय मुलांनी निवडला, याचा मला आनंद झाला होता.

कामाची वाटणीही मला तेव्हा उत्तम वाटली. रापणकराच्या मुलाकडे ओळखीपाळखीचे काम, वडिलांच्या बदलीमुळे घाटावरून आलेल्या मुलाचे उच्चार स्वच्छ म्हणून त्याच्याकडे निवेदन, कुडाळच्या मुलीकडे लेखन, मालवणातल्या मुस्लिम मुलीकडे मासळीबाजारातील बायकांच्या मुलाखती आणि कर्णबधिर मुलाला ऐकण्याचे काम नको म्हणून त्याच्याकडे संकलन. पाचही जण गटात होते, प्रत्येकाच्या हाताला काम होते. ज्याची त्याची जागा मात्र आम्ही त्याच्याविषयीच्या आपल्या समजुतींवरून ठरवून टाकली होती.

पहिला धक्का बाजारात बसला. मुलाखती घेणाऱ्या मुलीने आपले नाव सांगताच समोरच्या काकी तिच्याशी हिंदीत बोलू लागल्या. ती मुलगी घरीदारी मालवणीच बोलते. तिने शांतपणे मालवणीतच पुढचा प्रश्न विचारला आणि मग काकी पाऊण तास बोलत राहिल्या. चित्रीकरणात तो पहिला अर्धा मिनिट आहे. तो ठेवायचा की काढायचा, हे आम्ही सर्वस्वी तिच्यावर सोपवले आणि तिने तो ठेवला.

दुसरा प्रसंग वर्गातला. कच्चे संकलन दाखवले तेव्हा एक वृद्ध रापणकरीण पडद्यावर म्हणाली, ‘झील मुंबयक गेलो, आता जाळा कोण वडतलो?’ आणि वर्ग हसला. ती रडवेली होऊन बोलत होती. मालवणी म्हटली की विनोद, ही सवय रंगभूमीने आपल्या कानांना लावली आहे. मालवणीला घराघरांत नेणाऱ्या त्या नाटकांचे ऋण मान्य करूनही मला हे म्हणावेच लागते. बाईच्या बोलण्याखाली आम्ही ‘मुलगा मुंबईला गेला, आता जाळे कोण ओढणार?’ असे सबटायटल दिले होते, तर निवेदकाच्या प्रमाण मराठीखाली काहीच नव्हते. रापणकराचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, माझ्या आजीचं बोलणं मराठी नाही का? मग तिच्याखालीच भाषांतर कशाला?’ वर्षानुवर्षे ‘शुद्ध’ भाषेला गुण देत आलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हते.

सबटायटल काढून टाकावे, असे सर्वांचे मत पडत होते. तेव्हा संकलन करणाऱ्या मुलाने वहीत लिहून वही पुढे सरकवली: ‘काढलंत तर मला काहीच कळणार नाही. निवेदनाचं तर आताही कळत नाही.’ ज्याने आठवडाभर बसून चित्रपट जोडला होता, त्याला त्यातले निवेदन कधी पोहोचलेच नव्हते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांत सबटायटलसारखा लिखित मजकूर आणि सांकेतिक भाषा यांची तरतूद आहे, हे मला परीक्षेपुरते ठाऊक होते. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला मी साधे विचारलेही नव्हते.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, त्यामुळे ती चर्चा दोन दिवस चालली. अखेरीस ठरले की बोलणाऱ्या प्रत्येकाखाली, निवेदकाखालीसुद्धा, शब्द यावेत आणि ते ज्याने जसे उच्चारले तसेच यावेत. ‘वडतलो’ पडद्यावर ‘वडतलो’ असाच उमटला. निवेदनाचेही तीन भाग झाले आणि त्यांतला एक रापणकराच्या मुलाने आपल्या बोलीत वाचला. घाटावरच्या मुलाला आपला भाग कमी झाल्याचे वाईट वाटले. ते स्वाभाविक होते आणि त्याने ते गटासमोर बोलून दाखवले, याचे मला मोल वाटते.

मग संकलन करणाऱ्या मुलाने आणखी एक मागणी केली: आवाजही लिहा. लाट, होडीचे इंजिन, दोर ओढणाऱ्यांची आरोळी हे पटापट लिहून झाले. जाळे उथळ पाण्यात येते आणि आतला बांगडा उसळतो, तिथे सगळे अडले. ‘फडफड’ म्हणावे तर ती पाखरांची, ‘सळसळ’ म्हणावे तर ती पानांची. चित्रफितीत त्या क्षणी वाऱ्याखेरीज काही नीट ऐकूच येत नव्हते, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्ष उभ्या असलेल्या आम्हा ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही तो आवाज आठवेना.

जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद होती. बंदी उठल्यानंतर, समुद्र शांत झाल्यावर, पाचही जण पुन्हा रापणीवर गेले. या खेपेला कॅमेरा कर्णबधिर मुलाच्या हाती होता आणि निवेदक मुलगा वही घेऊन पाण्यात गुडघाभर उभा होता.