तुम्ही विचारलंत म्हणून: खाली धुवायला कुठला वॉश चांगला?

हा प्रश्न मला मैत्रिणी विचारतात, त्यांच्या मुली विचारतात, आणि नेहमी आवाज एकदम खाली आणून. ताई, वास येतो गं, कुठला वॉश घेऊ?

आतून धुवायला कुठलाच नको. खरंच सांगते. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्येच त्यांच्याबद्दल लिहिलंय, ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात आणि पाळी चालू असलेल्या वयात आतला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचं माप (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात, म्हणजे आंबट, आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंना सहसा वाढता येत नाही. नेहमीच्या साबणाचा पीएच साधारण ९-१० असतो, म्हणजे अगदी उलट. तो आत घातला, किंवा पाण्याचा फवारा मारून आत साफ केलं, की हे चांगले जंतूच कमी होतात आणि ज्या वासासाठी एवढा खटाटोप केला तो उलट वाढतो, मग बाई अजून धुते. बाटलीवर पीएच बॅलन्स्ड लिहिलंय म्हणून ती आत वापरायची असं नाही. बाहेरचा भाग रोज साध्या कोमट पाण्याने धुवा, फार तर बिनवासाचा सौम्य साबण, तोही बाहेरच, नंतर टिपून कोरडं करा. सुगंधी वाइप्स, स्प्रे, पावडर काही नको. शी झाल्यावर पुसायचं ते पुढून मागे. पॅड ४-६ तासांनी बदला, रक्त कमी असलं तरी.

आता अंगावरून पांढरं जाणं. याची किती भीती घालून ठेवलीय आपल्याला! कमजोरी येते, हाडं झिजतात, असलं काहीही नाही हो. थोडं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे, महिन्याच्या मधोमध, अंडं बाहेर पडायच्या सुमारास ते पारदर्शक होतं, दोन बोटांत धरून ओढलं तर तार निघते, पाळीच्या आधी परत घट्ट होतं. आपलं नेहमीचं कसं असतं हे माहीत असलं ना की बिघडलेलं लगेच कळतं. नासलेल्या दुधासारखं घट्ट आणि प्रचंड खाज, तर बहुतेक बुरशी, अँटिबायोटिक घेतल्यावर किंवा शुगर वाढलेली असली की हे जास्त होतं. पातळ, राखाडी, माशासारखा वास, विशेषतः संबंधानंतर, तर बहुतेक बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे चांगले जंतू कमी होऊन दुसरे वाढलेले. दोन्हीची औषधं वेगळी, म्हणून मैत्रिणीला लागू पडलेली क्रीम मेडिकलमधून आणून लावू नका, बुरशीच्या क्रीमने बॅक्टेरिया जात नाहीत. हिरवट-पिवळं जातंय, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, तर डॉक्टरकडेच. आणि जायच्या आधी स्वच्छ धुऊन वगैरे जाऊ नका, लाजेने सगळ्याच तसं करतात, पण डॉक्टरला जे बघायचंय तेच त्यात निघून जातं.

पाळी गेलेल्या बायका हा प्रश्न विचारतच नाहीत, त्यांना वाटतं आता काय उरलंय. पण इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, जळजळ होते, संबंध दुखतात, लघवीचं इन्फेक्शन सारखं होतं, आणि यावर चांगले उपाय आहेत, सोसत बसू नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी वाट न बघता तपासून घ्या.