तुम्ही त्यांच्या कोण?

आधी कामाचं सांगते. आज संध्याकाळी समोरच्या आणि शेजारच्या घरी जा आणि तिथल्या माणसांची पूर्ण नावं लिहून घ्या. हाक मारायचं नाव उपयोगाचं नाही, लायसन्सवर असतं ते नाव हवं, आडनावाच्या स्पेलिंगसकट. शिवाय त्यांच्या मुलाचा, भाचीचा, गावाबाहेरच्या कुणाचा तरी एक फोन नंबर. माझ्याकडे हे नव्हतं, म्हणून एका म्हाताऱ्या बाई जिवंत आहेत की नाहीत एवढं कळायला मला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांतला निम्मा वेळ एका रुग्णालयाच्या काउंटरसमोर गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा आम्ही अलाबामात होतो, हंट्सव्हिलच्या वायव्येला हार्वेस्ट म्हणून भाग आहे तिथे. मुलगी तीन वर्षांची होती. २७ एप्रिल २०११ चा बुधवार. पहाटेपासूनच वादळांच्या रांगा येत होत्या. सकाळच्या वादळानेच कित्येक ठिकाणची वीज गेली होती, हवामान खात्याच्या रेडिओची काही केंद्रंही बंद पडली होती. दुपारी आलं ते मुख्य वादळ. त्या एका दिवसात अलाबामात ६२ टॉर्नेडो झाले आणि सुमारे २४० माणसं गेली. आमच्याकडे आला तो हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल ही गावं भुईसपाट करून आलेला. २१२ किलोमीटर जमिनीवरून चालत गेला आणि त्या एकट्याने ७२ जणांचा जीव घेतला. जवळच्या अँडरसन हिल्समधली माणसं १९९५ चा टॉर्नेडो अजून विसरली नव्हती, त्यांच्यावर हा दुसऱ्यांदा आला. त्या वाऱ्याचं वर्णन मी करत बसत नाही. घराच्या मधोमध कपड्यांची एक खोली होती, तिच्यात आम्ही गादी डोक्यावर घेऊन बसलो. बाहेर आलो तेव्हा आमचं छप्पर अर्धं होतं आणि समोरचं घर नव्हतं.

समोर आजी राहायच्या. नाव इथे देत नाही. तिकडे दक्षिणेत वयस्क बायकांना पहिल्या नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात, आणि ते पहिलं नावही बहुतेक वेळा लाडकं, तोडलेलं असतं. आम्हीही त्यांना तसंच म्हणायचो. तीन वर्षं समोरासमोर राहिलो. माझ्या बाळंतपणानंतर त्यांनी महिनाभर आमच्याकडे जेवण पाठवलं होतं. गुढीपाडव्याला श्रीखंड नेलं की वाटी रिकामी परत यायची नाही, तिच्यात काहीतरी घालूनच यायची. एवढं असूनही त्यांचं आडनाव मला माहीत नव्हतं.

मी मूळची औशाकडची. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शाळेत होते. वडील मदतीला गेले होते, ते सांगायचे की ढिगाऱ्यासमोर उभा असलेला कुणीही बोट दाखवून सांगत होता, इथे अमक्याची आई निजायची, तिथे सून आणि दोन पोरं. कोण कुणाचं, माहेर कुठलं, सगळं गावाला पाठ. अलाबामातल्या त्या गल्लीत आम्हाला एकमेकांची कुत्री नावानिशी माहीत होती.

त्या संध्याकाळची शोधाशोध मात्र फार नीट झाली. कुणी कुणाला हुकूम दिला नाही. कोपऱ्यावरचे निवृत्त गृहस्थ पाना घेऊन घरोघर गॅस बंद करत निघाले. (नळीच्या दिशेत असलेली चावी पाव फेरा फिरवून आडवी केली की गॅस बंद होतो. आपल्या मीटरपाशी ती चावी कुठे आहे ते आधीच बघून ठेवा आणि तिथे एक पाना टांगून ठेवा. गॅस कंपनीचा माणूस आल्याशिवाय परत चालू करू नका.) आम्ही दोन-दोन जण दारादारांत जाऊन हाका मारल्या. माणूस भेटला की नाव कागदावर. पायात जाड तळाचे बूट असल्याशिवाय कुणी बाहेर पडू नये. पहिल्या अर्ध्या तासात तिघांच्या पायांत खिळे गेले, त्यात माझा नवरा एक. अंधार पडेपर्यंत गल्लीतल्या १४ घरांपैकी १३ घरांची माणसं मोजून झाली होती.

आजी सापडल्या नाहीत. पलीकडच्या गल्लीतला एक मुलगा म्हणाला, एका पिकअपमध्ये दार आडवं टाकून त्यावर एका म्हाताऱ्या बाईंना कुणीतरी नेलं. कुणी नेलं, कुठे नेलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शोधपथक येऊन गेलं. आजींच्या घराचा एकच कोपरा उभा होता, त्यावर त्यांनी नारिंगी रंगाने मोठी फुली मारली. फुलीच्या चार कोनांत चार गोष्टी लिहितात: डावीकडे पथकाची खूण, वर तारीख-वेळ, उजवीकडे धोका आणि खाली सापडलेली माणसं. खाली शून्य होतं. त्या शून्यासमोर मी किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. जिवंत नाही आणि मेलेलंही नाही, इथे कुणीच नाही एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे पिकअपवाली गोष्ट खरी.

मग रुग्णालय. अख्ख्या मॅडिसन काउंटीची वीज गेली होती. टीव्हीए, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी सरकारी कंपनी, तिच्या मोठ्या वाहिन्याच पडल्या होत्या, ब्राऊन्स फेरी वीज केंद्राच्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. वीज यायला पुढे चार-पाच दिवस लागले. पेट्रोल होतं, पण पंप चालत नव्हते. लोक पेट्रोलसाठी उत्तरेला टेनेसीकडे गाड्या पळवत होते. कार्डं चालत नव्हती. (घरात सुट्ट्या नोटा ठेवा, वीस-वीसच्या. शंभरची मोड कुणाकडे नसते.) अंधार पडल्यावर संचारबंदी. टाकीत पाऊण पेट्रोल होतं, त्यावर एक फेरी हिशोबाने करायची म्हणून गुरुवारी दुपारी मी निघाले.

काउंटरवर रांग होती, आत जनरेटरवरचे अर्धेच दिवे. माझा नंबर आला. पेशंटचं नाव? मी ‘मिस’वालं नाव सांगितलं. आडनाव? माहीत नाही. जन्मतारीख? जानेवारीत वाढदिवस असतो, साल माहीत नाही. तुम्ही त्यांच्या कोण? शेजारीण. ‘आम्ही फक्त नातेवाइकांना माहिती देतो.’

मी म्हटलं, त्यांना इथे नातेवाईक नाहीत, नवरा वारलाय, मूल नाही. फक्त एवढं सांगा की काल संध्याकाळी ऐंशीच्या आसपासच्या, पांढऱ्या केसांच्या, कानात यंत्र असलेल्या बाई आल्यात का. काउंटरवरच्या बाईने पुन्हा तेच वाक्य म्हटलं आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघितलं. मी बाजूला झाले, रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिले, वाटलं दुसऱ्या खिडकीवरचा माणूस ऐकेल. त्यानेही तेच विचारलं. तुम्ही त्यांच्या कोण? चार तास गेले. अंधाराच्या आत घर गाठायचं होतं. येताना आमच्या रस्त्याच्या तोंडाशी पोलिसाने अडवलं, कारण लायसन्सवर जुना पत्ता होता. पर्समध्ये पाण्याचं बिल होतं म्हणून सोडलं. (पत्ता असलेलं एखादं ताजं बिल गाडीत राहू द्या.)

शुक्रवारी सकाळी आजींच्या अंगणात, म्हणजे जिथे अंगण होतं तिथे, कागद गोळा करत होते. सगळीकडे कागदच कागद. त्यांतले निम्मे आमच्या गावचे नव्हतेच, शंभर किलोमीटरवरच्या घरांतले फोटो आणि पावत्या आमच्या गवतात पडल्या होत्या. (लेस्टर गावातल्या एका बाईंनी असे सापडलेले फोटो मूळ मालकांना मिळावेत म्हणून फेसबुकवर पान सुरू केलं, त्यातून फार लोकांना आपले फोटो परत मिळाले.) तिथे चिखलात औषधाची नारिंगी डबी दिसली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, झाकण घट्ट, आत अकरा गोळ्या कोरड्या. लेबलवर पूर्ण नाव. आम्ही म्हणायचो त्याच्याशी मूळ नावाचा एका अक्षराचाही मेळ नव्हता, आणि आडनाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. डबी ओढणीच्या टोकाला बांधली आणि निघाले. टाकी पावावर आली होती.

पुन्हा रांग. या वेळी डबीच काउंटरवर ठेवली. बाईने नाव टाइप केलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, या नावाचं कुणी दाखल नाही. मी विचारलं, काल किंवा परवा होतं का? ‘आत्ता दाखल नाही.’ म्हणजे इथून हलवलं? घरी पाठवलं? वारल्या? ‘तुम्ही त्यांच्या कोण?’

मी ओरडले. त्याची मला लाज वाटत नाही. मागच्या रांगेतल्या एका बाईने खांद्यावर हात ठेवून बाजूला नेलं, पाणी दिलं. तिचा स्वतःचा भाऊ सापडत नव्हता.

जे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं ते हे. अमेरिकेतला रुग्णांच्या गोपनीयतेचा कायदा असं म्हणत नाही की फक्त नातेवाइकांनाच सांगा. पेशंटने स्वतः नको म्हटलं नसेल, तर नाव घेऊन विचारणाऱ्या कुणालाही तो माणूस इथे आहे का आणि साधारण बरा आहे की गंभीर, एवढं रुग्णालय सांगू शकतं. चर्चच्या पाद्र्यांना तर नाव न घेताही ती यादी मिळू शकते. म्हणून काउंटरवर वाद घालू नका, ‘पेशंट डिरेक्टरी’ हा शब्द उच्चारा. तेवढ्याने झालं नाही तर सोशल वर्कर किंवा रुग्णालयाचे चॅपलिन (तिथले धर्मगुरू) यांना बोलवायला सांगा. आणि दाखल नाही असं म्हणाले तर ‘नेमकं कोणत्या वेळचं बघताय’ हे विचारा. त्यांच्या पडद्यावर कदाचित फक्त त्या क्षणी पलंगावर असलेली माणसं दिसत असतील.

हे मी शिकले ते शनिवारी, आणि शिकवलं चर्चने. घरी फ्रिज नुसता उभा होता, त्यातलं सगळं टाकायचं होतं. दारावर ईस्टरच्या प्रार्थनेचा छापील कागद लावलेला. ईस्टर नुकताच, चोवीस तारखेला झाला होता. आजींनी मुलीला रंगवलेल्या अंड्यांची परडी दिली होती, तिच्यात तो होता. तीन दिवस त्या फ्रिजची उघडझाप करत होते आणि कागदावरचं चर्चचं नाव मला दिसलं नव्हतं. पत्ता चालत जाण्याजोगा होता. गेले. पटांगणात लोकांनी वितळायला लागलेलं मांस घरोघरून आणून शेगड्या पेटवल्या होत्या, येईल त्याला वाढत होते. मी डबी पुढे केली. स्वयंपाकातल्या एका बाईने लेबल वाचलं आणि हातातला चिमटा खाली ठेवून मला मिठीच मारली.

आजींना पर्स, चष्मा, कानातलं यंत्र काहीच नसताना नेलं होतं. पहिल्या रुग्णालयात त्यांचं आडनाव चुकीचं ऐकलं, चुकीचंच लिहिलं. खुब्याचं हाड मोडलेलं, म्हणून गुरुवारी रात्री तासाभरावरच्या दुसऱ्या गावी हलवलं. तिथे शुद्धीवर आल्यावर नर्सने कुणाला फोन करायचा विचारलं, तेव्हा त्यांना एकच नंबर पाठ होता, चर्चच्या स्वयंपाकघराचा. तीस वर्षं त्यांनी तो लोकांना सांगितला होता. निरोप शुक्रवारी संध्याकाळीच आला होता. म्हणजे मी काउंटरवर ओरडत होते त्याच दिवशी.

मध्येच आठवलं ते सांगते, कारण आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही. आम्ही एच-वन-बीवर होतो. फेमाची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आपत्ती खात्याची, रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळते, व्हिसावर असलेल्यांना नाही, असं सगळे सांगतात आणि लोक अर्जच करत नाहीत. पण घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल आणि त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर असेल, तर आईबाप त्या मुलाच्या नावे अर्ज करू शकतात. निवारा, जेवण, पाणी यांसाठी तर कुणी व्हिसा विचारत नाही. आणि फोन लागत नसेल तर एसएमएस करा. आमचे कॉल लागत नव्हते तेव्हाही औशाला निरोप एसएमएसने पोचला.

रविवारी पाद्र्यांच्या गाडीतून मी आजींकडे गेले. कानात यंत्र नव्हतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागत होतं. डबी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती हलवून आवाज बघितला. नर्स फॉर्म घेऊन आली, आणीबाणीत कळवायची व्यक्ती म्हणून कुणाचं नाव घालू? आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. पूर्ण नाव? आजी थांबल्या. त्यांनाही माझं आडनाव माहीत नव्हतं.

मी ते एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, नर्सने लिहिलं. पुढच्या रकान्यात नातं विचारलं होतं. तिथे मी ‘शेजारीण’ लिहायला सांगितलं, आणि कुणीही काही म्हटलं नाही. मग आजींनी चष्म्याचं विचारलं. चष्मा सापडला नव्हता.