नीमोचा समुद्र आणि नीमोचा सूड

१९१६ सालचा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हा मूकपट मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा कथेसाठी आणि दुसऱ्यांदा केवळ पाण्यासाठी. स्टुअर्ट पॅटन दिग्दर्शित आणि युनिव्हर्सल निर्मित या चित्रपटात ज्यूल व्हर्नच्या दोन कादंबऱ्या एकत्र कोंबल्या आहेत, त्यामुळे कथा जागोजागी अडखळते. पाण्याखालची दृश्ये मात्र आजही खिळवून ठेवतात.

ही दृश्ये बहामा बेटांजवळच्या नितळ, उथळ पाण्यात टिपली गेली. कॅमेरा भिजू द्यायचा नाही, छायाचित्रकारालाही भिजू द्यायचे नाही, अशी हे चित्रीकरण करणाऱ्या विल्यमसन बंधूंची युक्ती होती. बुडालेल्या जहाजांवरच्या कामासाठी त्यांच्या वडिलांनी धातूच्या कड्यांची एक लवचिक नळी तयार केली होती. मुलांनी तिच्या तळाशी जाड काचेची खिडकी असलेली पोलादी कोठडी जोडली. नळीचे वरचे तोंड जहाजात उघडे असल्यामुळे आत हवेचा दाब वरच्याइतकाच राही आणि माणूस साध्या कपड्यांत बसून कॅमेऱ्याचे हँडल फिरवू शके. अर्थात कोठडी हवी तशी फिरवता येत नसे, म्हणून कॅमेरा बहुधा एका जागी थांबलेला दिसतो. जड बूट घातलेले पाणबुडे बंदुका घेऊन तळावरून चालू लागतात, तेव्हा ती मर्यादाच उपयोगी पडते, कारण आपणही खिडकीशी बसून वाट पाहत आहोत असे वाटू लागते. मोती काढणाऱ्याला विळखा घालणारा अष्टपाद मात्र उघडउघड बनावट आहे, आणि मला तोही आवडला.

माझी तक्रार कथेतल्या पाणबुडीच्या कप्तानाबद्दल, कॅप्टन नीमोबद्दल आहे. चित्रपटात वापरलेल्या दुसऱ्या कादंबरीत, ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये, व्हर्न सांगतो की नीमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात उतरलेला आणि त्यात आपली माणसे गमावलेला. हा भारतीय भूतकाळ चित्रपटाने वगळला नाही, एवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण साम्राज्याविरुद्धचा राग त्याने डेन्व्हर नावाच्या एका दुष्ट माणसावर आणून ठेवला आहे. राज्य गमावलेल्याचा संताप आणि कुटुंब गमावलेल्याचा सूड यांत जे अंतर आहे, ते इथे पुसले गेले आहे. ॲलन होलुबार या अमेरिकन नटाचा रंगवून सावळा केलेला चेहरा आणि भरघोस पांढरी दाढी यांमुळे त्या भूतकाळाला नाटकी झाकही येते.

तरीही शेवटी नीमोचे साथीदार त्याचे शव घेऊन समुद्राच्या तळावरून संथ पावलांनी निघतात, तेव्हा डेन्व्हर आठवतही नाही. तिथे ना सेट आहे, ना रंगवलेला पडदा. पाण्यामुळे मंदावलेली ती खरी चाल आहे.