जीपचं मागचं डिफरन्शियल, नोंद ४: पिनियनची बेअरिंगं आणि विसरलेले ३ थाउ

सोलापुरात होटगी रोडला पन्नासचा काटा ओलांडला आणि मागून 'ऊंऽऽ' सुरू झालं. गेल्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'आता फक्त रंगकाम उरलं.' रंगाचे डबे जिन्याखाली तसेच पडून आहेत आणि जीप पुन्हा घोड्यांवर (टेकूंवर) चढली आहे.

आवाजाची तऱ्हा अशी: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक, पाय काढून गाडी नुसती घरंगळू दिली की मोठा. चाकाचं बेअरिंग गेलं तर घरघरतं आणि वळणावर आवाज बदलतो. हा बदलत नव्हता, आणि सूरही चढा होता. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी उंच बोनेटची सीजे-३बी, मागचा अ‍ॅक्सल डाना ४४, क्राऊनला (चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चक्र) ४३ दात आणि पिनियनला (क्राऊनला फिरवणारं छोटं) ८, म्हणजे रेशो ५.३८. साठच्या वेगाला चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे मारतं, पिनियन २४०० च्या आसपास. एवढा चढा सूर काढणारं मागच्या बाजूला दुसरं काही नाही.

खाली शिरून प्रॉपेलर शाफ्ट (पुढून फिरत येणारा लांब दांडा) सोडला, पिनियनचा योक (तो शाफ्ट जोडायचा तुकडा) दोन्ही हातांनी धरला आणि पुढे-मागे ढकलला. खट्. चहाच्या ग्लासला ग्लास लागावा इतकाच आवाज, पण पिनियनला एवढीही मुभा नसते. दातादातांत थोडी मोकळीक लागतेच, तो बॅकलॅश. पुढे-मागे मात्र मोकळीक शून्यही चालत नाही, शून्याच्या खाली लागते. बेअरिंगं एकमेकांवर आधीच थोडी दाबलेली हवीत. यालाच प्रीलोड म्हणतात, आणि या नोंदीतली सगळी रडकथा त्याचीच आहे.

अख्खा अ‍ॅक्सल काढून अंगणात घेतला. १० बोल्टचं कव्हर उघडलं तर ऑइल काळंकुट्ट, तळाशी चमचाभर चंदेरी चुरा. क्राऊन-पिनियनचे दात बघून जीव भांड्यात पडला: एकही तुटका नाही, खवले नाहीत. ही जोडी एकमेकांवर घासून जुळवलेली असते, एक बदललं की दुसरंही बदलावं लागतं, आणि मग खिशाचं काही खरं नाही.

क्राऊनची बाजूची बेअरिंगं दाबून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कॅप सोडण्याआधी त्यांच्यावरची अक्षरं बघून ठेवा. एका बाजूचं उभं, दुसऱ्या बाजूचं आडवं, आणि हौसिंगवर (हे सगळं ज्यात बसतं ती ओतीव पेटी) तशीच जुळणारी. कॅप हौसिंगसोबतच बोअर केलेल्या असतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. मी तरी पंचने एकेक टिंब जास्तीचं मारलं, कारण माझ्या अंगणातून दोन पोरं आणि एक कुत्रं सतत ये-जा करतं.

पिनियन बाहेर आलं तेव्हा दोन वेगवेगळे आजार दिसले. डोक्याकडच्या, म्हणजे दातांकडच्या मोठ्या बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) आतून आडव्या करड्या रेघा होत्या, सारख्या अंतरावर, मोजल्या तर रोलरच्या अंतराएवढ्या. गाडी सहा वर्षं कडुनिंबाखाली एकाच जागी उभी होती. आत शिरलेलं पाणी रोलर जिथे टेकले होते तिथे बसून राहिलं आणि प्रत्येकाने आपापली जागा गंजवून ठेवली. योककडचं छोटं बेअरिंग मात्र निळं पडलं होतं, म्हणजे कोरडं चाललेलं. त्याचं कारण सापडायला तासभर गेला. हौसिंगच्या वरच्या अंगाला एक ओतीव पन्हळ असते. क्राऊन फिरताना ऑइल उडवतो, ते या पन्हळीतून पुढच्या बेअरिंगकडे उतरतं. माझी पन्हळ गाळाने गच्च भरलेली होती. सायकलच्या आऱ्याने खरवडली तेव्हा जे निघालं ते चपलेच्या तळव्याला लागलेल्या डांबरासारखं होतं. ब्रीदरही (आतली हवा जा-ये करायचं भोक) मातीने बंद. आपल्याकडची धूळ काय चीज आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. ज्यांच्या जीपा उभ्या आहेत त्यांनी ही नोंद वाचणं थांबवून आधी ब्रीदर काढून फुंकून बघा.

आता आधाराचं गणित. पिनियनचे दात दोन्ही बेअरिंगांच्या बाहेर लोंबतात. भिंतीतल्या खुंटीवर पिशवी अडकवावी तसं, भिंत म्हणजे ही दोन बेअरिंगं. ओझं भिंतीत नाही, बाहेर आहे. म्हणून डोक्याकडचं बेअरिंग मोठं. शिवाय दात तिरके असल्यामुळे गाडी पुढे ओढताना क्राऊन पिनियनला नुसतं बाजूला सारत नाही, योकच्या दिशेने मागेही रेटतो, आणि तो रेटाही मोठ्या बेअरिंगवरच येतो. पाय काढला की रेटा उलटा होतो आणि छोट्यावर जातो. माझा आवाज पाय काढल्यावर का वाढायचा ते निळं बेअरिंग बघून कळलं.

छर्ऱ्यांचं बेअरिंग इथे फार काळ तग धरणार नाही. दोन्हीकडचा भार एकाच वेळी पेलायचा तर रोलर निमुळते हवेत. ही युक्ती सेंट लुईसमधल्या हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्याची, पेटंट १८९८ चं. पिनियनवर ही दोन बेअरिंगं पाठीला पाठ लावल्यासारखी बसतात: जाड टोकं बाहेर, बारीक टोकं आत, एकमेकांकडे. बाजूने बघितलं तर डमरूचा आकार. या मांडणीत भाराच्या रेषा बाहेरच्या बाजूला फाकतात, त्यामुळे दोन आधारांमधलं अंतर दिसतं त्यापेक्षा जास्त असल्यासारखं काम होतं आणि बाहेर लोंबणारं पिनियन कमी डुलतं. मोठ्या ट्रकांच्या बऱ्याच अ‍ॅक्सलांत आणि फोर्डच्या १९५७ च्या ९ इंची अ‍ॅक्सलात पिनियनच्या दातांपलीकडच्या टोकावर तिसरं बेअरिंगही असतं. म्हणजे खुंटीची वाळत घालायची दांडी झाली, दोन्ही टोकांना धरलेली. आपल्या जीपला ती चैन नाही. आपल्याकडे सगळी मदार प्रीलोडवर.

डाना ४४ मध्ये शिमा (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) तीन ठिकाणी असतात. मोठ्या बेअरिंगच्या कपाखालच्या शिमा पिनियन किती आत जाणार ते ठरवतात. पिनियनच्या खांद्यावर, छोट्या कोनाच्या (कोन म्हणजे बेअरिंगचं आतलं, रोलरवालं कडं) मागे बसणाऱ्या शिमा प्रीलोड ठरवतात. तिसऱ्या क्राऊनच्या खोक्यावर (क्राऊन ज्याला बसवलेला असतो ते), बाजूच्या कोनांच्या मागे. प्रत्येक वेळी शिम बदलायची म्हणजे दाबून बसवलेलं बेअरिंग पुलरने ओढायचं, आणि दोन-तीनदा ओढलं की नवं बेअरिंगही जुनं होतं. यावर जुना उपाय: काढलेल्या बेअरिंगांची भोकं जराशी वाढवून ती हाताने सरकतील अशी करायची, सगळी जुळवाजुळव त्यांच्यावर करायची आणि नवी शेवटी एकदाच बसवायची.

त्यासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. तिथले एक अण्णा आयुष्यभर लूमचे सुटे भाग बनवत आलेत. कोन हातात घेऊन म्हणाले, "हे लेथवर धरलं तर बिट जाईल बघा, बेअरिंग नाही जायचं. ग्राइंडरनं करावं लागतंय." आणि लेथच्या टूलपोस्टवर छोटा ग्राइंडर बांधून त्यांनी चार कोनांची भोकं आणि एका कपाची बाहेरची कड अशी उतरवली की कोन शाफ्टवर स्वतःच्या वजनाने सरकायला लागले. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा पाजा, आणि जीप चालू झाली की एकदा फिरवा." नव्या आणि जुन्या बेअरिंगांची उंची त्यांच्याच मायक्रोमीटरवर मोजून घेतली, अर्ध्या थाउचा फरक. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टर्नर लोक अजूनही मिलिमीटरमध्ये बोलत नाहीत, मीही नाही बोलणार.)

दाताला दात कुठे लागतो ते बघायला निळा मार्किंग रंग मिळाला नाही, म्हणून शेंदूर तेलात घट्ट कालवला. जुने मिस्त्री हेच करत आलेत. आई दारातून बघत होती. म्हणाली, "मारुतीला सोडून आता गाडीला शेंदूर लावतोस का रे?" अस्सल शेंदूर शिशाचा असतो, हात धुतल्याशिवाय भाकरीला लागू नका.

पहिला ठसा दाताच्या शेंड्याकडे आला, म्हणजे पिनियन बाहेर राहिलं होतं. कपाखाली ३ थाउ वाढवल्या. दुसरा ठसा मधोमध, लांबट, तिळगुळाच्या वडीएवढा. फोटो काढला, उस्तादांना पाठवला, त्यांचा अंगठा आला. बॅकलॅश ११ थाउ भरत होता, तो ७ वर आणायला ६ थाउची शिम क्राऊनच्या पाठीमागच्या बाजूला घातली आणि तेवढीच समोरून काढली. बेरीज बदलायची नाही, नाहीतर बाजूच्या बेअरिंगांचा दाब बिघडतो.

मग नवी बेअरिंगं. कप रात्रभर फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी. हौसिंग दुपारी दीड वाजता अंगणात, मे महिन्याच्या उन्हात, हात ठेववत नव्हता. तापमानात ७५-८० अंशांचा फरक पडला तर तीन इंची कपाला अडीच थाउची सवलत मिळते. कप हातोडीच्या दांड्याने दोनदा टकटक केल्यावर 'टक्' करून बसला. आजवर सोलापूरच्या उन्हाने माझं केलेलं एकमेव भलं. मोठा कोन जुन्या कढईत तेलात गरम करून पिनियनवर टाकला. १२० अंशांच्या वर नेऊ नका, पोलादाचा कडकपणा उतरतो.

नट २०० फूट-पौंडांच्या वर कसला आणि पिनियन फिरवायला गेलो तर फिरेना. म्हणजे फिरत होतं, पण ओला पंचा पिळावा तसं. मी स्वतःची समजूत घातली की नवी बेअरिंगं आहेत, बसतील. संध्याकाळी उस्ताद आले, योक धरून एक फेरा मारला आणि म्हणाले, "काय बे, हे फिरतंय का ज्वारी दळतंय?"

योकवर ७ सेंटिमीटर त्रिज्येची लाकडी चकती बांधली, तिला दोरी गुंडाळली, टोकाला स्प्रिंगचा काटा. सील बसवलेलं नाही, क्राऊन नाही, बेअरिंगांना ऑइल लावलेलं. हिसका न देता सावकाश ओढायचं आणि चालू फिरतीचा आकडा वाचायचा, सुटतानाचा नाही. काटा १४ किलो. १४ गुणिले ७ म्हणजे ९८ किलो-सेंटिमीटर, इंच-पौंडांत ८५. नव्या बेअरिंगांना २० ते ४० इंच-पौंड पुरेत.

रात्री जेवताना लक्षात आलं. कपाखाली ३ थाउ वाढवल्या म्हणजे एक कप दुसऱ्यापासून ३ थाउ लांब गेला. डमरूची दोन्ही तोंडं लांबली, पण कोनांमधलं अंतर तेवढंच राहिलं. मग ते कोन कपांत जास्त आवळणारच. कपाखाली जेवढ्या वाढवल्या तेवढ्याच खांद्यावरही वाढवायला हव्या होत्या. जुन्या, सैल केलेल्या बेअरिंगांवर जुळवताना नट नुसता हाताने टेकवला होता, म्हणून तेव्हा कळलं नाही. मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत आहे, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. माझीच पेन्सिल.

ताट तसंच ठेवून अंगणात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिनियन परत काढून ३ थाउची एक शिम वाढवली, पुन्हा नट, पुन्हा दोरी. काटा ५ किलो. ३५ किलो-सेंटिमीटर, म्हणजे ३० इंच-पौंड. फिरवल्यावर योक जिथे सोडला तिथेच थांबतो, ना पुढे घरंगळतो ना अडतो. उस्तादांनी फिरवून बघितलं, काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

बाकी जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. क्राऊनचं खोकं हौसिंगमध्ये घट्ट जातं, ते तिरकं मारून घुसवू नका. हौसिंग ताणायचं हत्यार वापरलंत तरी १५ थाउपेक्षा जास्त ताणू नका. ऑइल ९० नंबरचं हायपॉइड, जीएल-५. उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतायचा मोह टाळा, तिथल्या पितळी भागांना ते सोसत नाही.

शनिवारी पहाटे तुळजापूर, ४५ किलोमीटर. अण्णा शेजारी, कबूल केल्याप्रमाणे. वर चढताना कान मागेच लावून होतो. तुळजापूरला उतरून पहिलं काम केलं ते हौसिंगच्या योककडच्या टोकावर हात ठेवायचं: गरम, पण हात टिकतो. येताना उतारावर पाय काढला. टायरचा आवाज, ताडपत्रीची फडफड, आणि अण्णा तेलुगूत कुणाशीतरी फोनवर मोठ्याने बोलत होते. 'ऊं' नाही.

रविवारी सकाळी योकखाली फरशीवर एक थेंब दिसला. सील नवं आहे, पण योकवर जुन्या सीलने नखाला लागेल अशी खाच पाडली आहे, ती मी बघूनही सोडून दिली होती. योक काढून पिशवीत भरलाय. सोमवारी अण्णांकडे, बारीक स्लीव्ह चढवून मिळते का विचारायला.