आमची वाटचाल : जैसलमेर ते तेलसंग

डिप्लोमा झाल्यावर बेळगावात मनासारखं काम मिळेना, म्हणून मी जैसलमेरला गेलो. एका हॉटेलच्या बांधकामावर सुपरवायझर. राहायला ठेकेदाराची पत्र्याची शेड. मे महिन्यात दुपारी त्या शेडमध्ये बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं. जेवणाच्या सुट्टीत मी शेजारच्या वस्तीत रखवालदाराच्या घरी जाऊन पडायचो. पिवळ्या वालुकाश्माच्या दीड-दोन फुटी भिंती, बेताच्या खिडक्या, मधे लहानसा चौक. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत पंख्याशिवाय डोळा लागायचा. रात्री सगळं उलटं. दहा वाजता त्याच खोलीत उभं राहवायचं नाही. घरातली माणसं तोवर अंथरुणं घेऊन गच्चीवर गेलेली असायची.

जाड दगडी भिंतीतून उष्णता आत पोचायला दहा तासांच्या आसपास लागतात. दुपारी बाहेरून शिरलेली ऊब रात्री आतल्या बाजूने निघते. पुस्तकात हे वाचलं होतं. वाळवंटातलं घर माणसांच्या सरकण्यावर चालतं, दुपारी खाली आणि रात्री वर, हे मात्र पुस्तकात नव्हतं. किंवा असेल, माझ्या नजरेतून सुटलं असेल.

2009 मध्ये बेळगावला परत आलो आणि शहापुरात एका गाळ्यात घरबांधणीचं ऑफिस टाकलं. एक टेबल, एक ड्राफ्ट्समन, एक सेकंडहँड प्लॉटर. पाटी कन्नडमध्ये, अंदाजपत्रक मराठीत आणि साइटवरच्या शिव्या दोन्हीत. ते अजून तसंच आहे.

पहिलं मोठं काम टिळकवाडीच्या बाजूला मिळालं. डोक्यात जैसलमेर होतंच. उघडा चौक काढला, सपाट छप्पर केलं, वळचण ठेवली नाही आणि बाहेरून माती-चुन्याचा गिलावा दिला. फोटो फार सुंदर आले. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. बेळगावात बाराशेच्या आसपास पडतो, आणि आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. जुलैत गिलावा फुगला, ऑगस्टमध्ये गळून पडला, आतल्या भिंतींना बुरशी आली. घरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘चौकात तुळस लावणार होतो, आता भात लावावा लागंल.’’ त्यावर मी हसलो नाही. सगळा बाहेरचा गिलावा काढून, चौकावर छप्पर घालून, पुढे दोन फुटांची वळचण ओढून दिली ती आमच्या खर्चाने. दोन वर्षांचा नफा त्यात गेला. पुढचं वर्षभर आम्ही कंपाउंडच्या भिंती आणि गोठे बांधत होतो.

त्यातून बाहेर काढलं ते अथणीने. एकच जिल्हा, पण कणकुंबीच्या धुवाधार पावसातून निघून अथणी तालुक्यात उतरलं की दुसऱ्या मुलखात आल्यासारखं वाटतं. पाऊस बेळगावच्या जेमतेम निम्मा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि पहाटे पंचविशीपर्यंत उतरतो. हे वाळवंट नव्हे, पण दिवस-रात्रीतली ती पंधरा डिग्रीची दरी वाळवंटासारखीच कामाला येते.

तिथे एका शेतकऱ्याचं माळवदाचं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. पांढऱ्या मातीच्या भिंती अडीच फूट जाड, वर लाकडी तुळया, फळ्या आणि हातभर माती, उजेडाला छतात साणे, म्हणजे झरोके. पाडायच्या दिवशी भर दुपारी आमचा मेस्त्री आत जाऊन उभा राहिला तो बाहेरच येईना. मी हाक मारली तर म्हणाला, ‘‘सायेब, हे पाडून काय बांधणार? भट्टी?’’ मालकांना आत बोलावलं. तासाभराने ठरलं : दोन खोल्या तशाच ठेवायच्या, नवीन घर त्यांना जोडून.

तेव्हापासून आमच्या नकाशांची पद्धत बदलली. दिवसा वापरायच्या खोल्यांना आणि पश्चिमेला जाड दगड. झोपायच्या खोल्यांना हलक्या भिंती, म्हणजे सूर्य मावळला की लवकर निवतील. त्यासाठी वास्तुविशारद लॉरी बेकरनी केरळात रुजवलेली विटा रचायची पद्धत, रॅट ट्रॅप बाँड, वापरतो : विटा कडेवर उभ्या लावायच्या, मधे तीन इंच पोकळी, विटा साधारण चौथाईने कमी. गवंडी सुरुवातीला वैतागतात, कारण पोकळीत माल पडू द्यायचा नसतो. दाबीव मातीच्या विटाही करून पाहिल्या. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ गटाचं त्यात मोठं काम आहे. पण अथणीची काळी माती त्याला चालत नाही, ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. लाल माती लांबून ट्रकने आणायची तर ‘पर्यावरणपूरक’ म्हणायला जीभ वळत नाही. सोडून दिलं.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ताप देतो तो पाच इंची स्लॅब. त्याच्या खालच्या निम्म्या भागातलं काँक्रीट नुसतं ओझं असतं, ताण घेतात त्या सळ्या. म्हणून सळ्यांच्या चौकटीत खानापूरची कौलं जोडीने, एकावर एक उलटी ठेवतो. काँक्रीट वाचतं आणि कौलांमधली हवा ऊन अडवते. वरून पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. हा खर्च नको म्हणणाऱ्याला दर उन्हाळ्याआधी चुन्याची सफेदी करायला सांगतो.

एक गिऱ्हाईक इराणमधल्या यझ्दच्या वाऱ्याच्या मनोऱ्यांचे फोटो घेऊन आलं. तसलाच मनोरा पाहिजे. त्यांना सांगितलं, तिथे तो वारा बऱ्याच ठिकाणी तळघरातल्या पाण्यावरून फिरून गार होतो. आपल्याकडे मे महिन्यात बोअरला पाणी नाही, मनोऱ्यातून फक्त धूळ येईल. त्याऐवजी जिन्याच्या माथ्यावर झडपा आणि एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला. रात्री दहाला चालू, सकाळी सहाला बंद, मग दिवसभर खिडक्या मिटलेल्या. मिटायच्या आठवणीने भांडणं होतात म्हणे. मनोरा न दिल्याचा राग मात्र त्यांच्या मनात अजून आहे.

मागच्या वर्षी अथणी तालुक्यातल्या तेलसंगला घर केलं. वरची खोली आजींसाठी : हलकी भिंत, झडपा, कौलांचा स्लॅब, सगळं. मी हौसेने समजावून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘गच्चीचा जिना केवढा हाय रे बाळा?’’

‘‘अडीच फूट, आजी.’’

‘‘खाट जाईल काय वर?’’

जिना फोडून साडेतीन फुटी केला. खाट जाते.