कमांड लाइनवरून मेल आणि 'फ्रॉम'चा घोळ: माझा अनुभव

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगवर मी काट्याचा कॉम्प्युटर सांभाळतो. दिवसभराची कापसाची आवक रात्री आपोआप शेटजींना मेलने जावी, एवढंच काम. मशीन लिनक्सचं. स्क्रिप्ट, ती ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन, मेल बाहेर पाठवणारा पोस्टफिक्स, सगळं जमलं. अडलं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. मेल 'रूट@लोकलहोस्ट.लोकलडोमेन' या नावाने (रूट म्हणजे मशीनचा मुख्य युजर) निघायचा आणि पोचायचाच नाही. मुनीमजी विचारायचे, "काऊन भाऊ, कालची आवक नाही आली?"

जिथे शोधावं तिथे एकच सल्ला: मेल पाठवणाऱ्या 'मेल' कमांडला डॅश ए (-a) लावा, पुढे अवतरणात 'फ्रॉम:' लिहून पत्ता द्या. आमच्या सेंटओएस ७ या लिनक्सवर तसं दिलं की उत्तर यायचं, अशी फाइलच नाही! मला संताप येतो तो इथे. 'मेल' नावाच्या कमांडी वेगवेगळ्या आहेत, हे कोणी आधी सांगतच नाही. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवरच्या बीएसडी-मेलएक्समध्ये डॅश ए म्हणजे हेडर, म्हणजे मेलच्या वरची 'फ्रॉम:'सारखी ओळ, जोडा. सेंटओएस ७ च्या मेलएक्समध्ये तोच डॅश ए म्हणजे फाइल जोडा. सल्ला देणाऱ्याने आपण कोणत्या मशीनवरचं बोलतोय ते लिहायलाच हवं. तुम्ही आधी 'मॅन मेल' (कमांडची माहिती दाखवणारी कमांड) चालवून आपल्याकडे काय आहे ते बघा.

सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला, म्हणून काट्यावर उबुंटू आलं. आता डॅश ए चालला, 'फ्रॉम' बरोबर दिसू लागला, तरी मेल परत! कारण पत्ते दोन असतात. एक पत्राच्या आत लिहिलेला, दुसरा लिफाफ्यावरचा. डॅश एने फक्त आतला बदलतो. तिकडचा सर्व्हर लिफाफा वाचतो, आणि तिथे अजून रूटच होता. 'डोमेन नॉट फाउंड' म्हणून तो नाकारत होता.

उपाय एका अक्षराचा: 'मेल'ला डॅश आर (-r) आणि पुढे आपला पत्ता. दोन्ही मशीनवर चालतो, आतला आणि बाहेरचा दोन्ही पत्ते बदलतो. 'मेल'ऐवजी थेट सेंडमेल ही कमांड वापरत असाल तर लिफाफ्यासाठी डॅश एफ (-f), आतला 'फ्रॉम' मजकुराच्या अगदी वर वेगळा लिहायचा.

पत्ता स्वतःच्या डोमेनचाच द्या. एसपीएफची (या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का, याची) तपासणी लिफाफ्यावरच्या डोमेनची होते, दुसऱ्याचं डोमेन लावलं तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. आणि हो, लिफाफ्यावर रूट असेल तोवर नाकारलेले मेल त्याच मशीनवर रूटच्या पेटीत साचतात, ती उघडून बघा. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये 'फ्रॉम=' पुढे जे दिसतं, तोच लिफाफ्यावरचा खरा पत्ता.