तालिकोटचा पट: तोफा लागल्या, पालखी बाकी

तालिकोटच्या लढाईचा पट, म्हणजे छोट्या पुतळ्यांची प्रतिकृती, बनवतोय. या पंधरवड्यात त्यातल्या कृष्णेच्या पात्राला वॉर्निशचे तीन हात दिले, दोन्ही काठांवर चाळलेली माती चिकटवली आणि मग दोन दिवस पटाला हातच लावला नाही. नुसता बघत बसलो. २३ जानेवारी १५६५ ची लढाई आपण नेहमी रणांगणापासून सांगायला लागतो. पट मांडायला घेतला की सुरुवात नदीपासूनच करावी लागते.

उत्तर काठावर अहमदनगरचा हुसेन निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा, गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा आणि बीदरचा अली बरीदशहा. समोरचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, विजयनगरच्या फौजेनं अडवलेला. दुसरा उतार शोधत असल्यासारखे सुलतान काठाकाठानं चालू लागले. विजयनगरची फौजही उतार सोडून समोरून बरोबरीनं सरकत गेली. मग सुलतान एका रात्रीत मागे फिरले आणि मोकळ्या उतारावरून पार झाले. हे सगळं मी पुतळे सरकवून केलं. नंतर एकच तुकडी उतारावर मागे ठेवून पाहिलं, तर उत्तरेकडच्या पुतळ्यांना पुढे न्यायला जागाच राहिली नाही. पराभव इथूनच सुरू झाला, असं माझं ठाम मत झालंय.

युतीबद्दल थोडक्यात. एका सुलतानाला दुसऱ्याविरुद्ध वापरायचं, हे विजयनगरचा खरा सत्ताधारी असलेल्या रामरायाचं बरीच वर्षं चाललेलं राजकारण. निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचं लग्न अली आदिलशहाशी झालं, सोलापूरचा किल्ला आंदण गेला आणि त्या राजकारणाचा पायाच गेला.

आता तोफा. इतिहासकार फेरिश्ता सुलतानांच्या ६०० तोफा सांगतो, २०० च्या तीन रांगा: पुढे जड, मग हलक्या, शेवटी जंबुरक, म्हणजे फिरत्या छोट्या तोफा. मी वीस तोफांना एक असा हिशोब धरला, म्हणजे रांगेत दहा. नळ्या बॉलपेनच्या रिफिलींच्या, चाकं पुठ्ठ्याची. तोफांच्या पुढे दोन हजार तिरंदाज उभे होते, तोफा झाकायला. ते मी एका सुट्या पट्टीवर बसवलेत. विजयनगरचे पुतळे जवळ आणले आणि पट्टी उचलली, तेव्हा मागच्या रांगा एकदम समोर आल्या. अंगावर काटा आला. ऐन हल्ल्यात याच तोफांतून तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या डागल्या गेल्या.

बगलांवर चित्र अगदी उलटं आहे. तिरुमल आणि वेंकटाद्री या रामरायाच्या भावांनी समोरच्या फळ्या मागे रेटल्या होत्या. सुलतानांच्या पाठीशी नदी. मधली फळी तेवढी निजामशहानं धरून ठेवली आणि विजापूरच्या किश्वरखानाचे स्वार तिथूनच तुटून पडले.

विजयनगरच्या फौजेतल्या मुसलमान सरदारांच्या फितुरीचं काय, हे दरवेळी विचारलं जातं. १५६७ मध्ये विजयनगरला गेलेला व्हेनिसचा सेझारे फेडेरीची दोन सरदार फिरल्याचं लिहितो, आणि फितुरी मी नाकारत नाही. पण पट पाहिल्यावर मला जास्त खुपतं ते रामरायाच्या मागचं मोकळं रान. तिथे राखीव फौज मांडायला हातात काही नाही. ऐंशीच्या घरातला सेनापती पालखीत, तोही ऐन मध्यावर. निजामशहाचा एक हत्ती चाल करून आला, भोयांनी पालखी टाकली, रामराया पकडला गेला. शीर भाल्यावर चढलं आणि जिंकत आलेल्या बगलासुद्धा फुटल्या. तिरुमल नामधारी राजा सदाशिवरायाला आणि खजिन्याला घेऊन पेनुकोंड्याकडे निघाला. राजधानीच्या तटावर लढायला कुणी उरलं नाही.

पालखी दोनदा केली, दोन्ही वेळा दांडी मोडली. आता बांबूची काडी तासून पाहतोय. भोई उभे करायचे नाहीत हे मात्र ठरलं: चौघांचेही खांदे मोकळे, पालखी एका कोपऱ्यावर टेकलेली, आणि हत्ती अजून दोन बोटं लांब.